हिरव्या रंगाचा हक्क

"ताई, नंबराच्या आधी बाणही काढून देऊ का? सगळेच काढून घेतात," असे पेंटरने विचारले, तेव्हा त्याच्या एका हातात जाड पुठ्ठ्यातून कापलेला पाच टोकांचा तारा होता आणि दुसऱ्या हातात लष्करी गाड्यांच्या नंबराआधी असतो तशा, वर टोक असलेल्या बाणाचा साचा. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्या गॅरेजमध्ये अण्णांची जीप हूड उतरवून, सीट काढून, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. थिनरचा डोक्यात चढणारा वास, घासून निघालेल्या जुन्या रंगाचा ओला चिखल, शेजारच्या शेडमधून येणारा पत्रा ठोकण्याचा आवाज, असे सगळे भोवती चालले होते. माझा भाचा मोबाइलवरचे चित्र पुढे धरून उभा होता. चित्रात गर्द हिरवी, चकाकी नसलेली जीप होती. बोनेटवर पांढरा तारा, बंपरवर आकडे, मागे दोन डबे. मी बाणाला "नको" म्हटले. ते इतक्या तुटकपणे तोंडून गेले की पेंटरने दोन्ही साचे खाली ठेवले आणि भाच्याने मोबाइल खिशात घातला. त्यानंतर बरेच दिवस तो प्रश्न मनात टोचत राहिला. बाण म्हणजे तीन रेषा. त्या एका जुन्या गाडीवर आल्या असत्या तर नेमके कोणाचे काय बिघडणार होते, याचे उत्तर त्या वेळी मला देता आले नव्हते.

ही जीप १९८४ सालच्या पासिंगची, उंच बोनेटची. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात ती आली तेव्हा तिला कोणी हौसेची गाडी म्हटले नसते. ती कामाची गाडी होती. उन्हाळ कांद्याच्या गोण्या लासलगावच्या बाजार समितीत नेणे, द्राक्षांच्या हंगामात औषधाचे डबे आणि फवारणीचा पंप मळ्यात पोचवणे, पावसात वाट चिखलाने बंद झाली की अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, हे तिचे रोजचे जगणे होते. पेंटरने डाव्या मडगार्डवर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा वरच्या मळकट पांढऱ्याखाली आकाशी, त्याखाली विटकरी आणि सगळ्यांत तळाशी कारखान्यातून आलेला बदामी रंग दिसू लागला. प्रत्येक थराला कारण होते. पांढरा रंग लागला तो जीप काही वर्षे एका सरकारी खात्याकडे भाड्याने होती म्हणून. विटकरी लागला तो पत्रा कुजून बदलावा लागला तेव्हा, कारण त्या आठवड्यात दुकानात तोच डबा शिल्लक होता. आकाशी मात्र अण्णांनी स्वतः निवडलेला. आईला तो आवडत नसे आणि अण्णा दर दिवाळीला तो रंग पॉलिश करून चमकवत. या सगळ्यांवर आता भाच्याला हिरवा थर हवा होता.

तो हिरवा मला परका नाही. लहानपणी देवळालीला मावशीकडे जाताना रस्त्याच्या कडेने लष्कराच्या ट्रकांची रांग दिसे. तोफखान्याचे प्रशिक्षण देवळालीला होते, त्यामुळे लांबच्या माळावर तोफांचा सराव सुरू झाला की मावशीच्या मांडणीवरची भांडी बारीक थरथरत. ट्रक अगदी सावकाश, एकमेकांत सारखे अंतर राखून जात. मागच्या फळीवर बसलेल्या जवानांना आम्ही हात हलवत असू आणि त्यांतला एखादा हात उचलून प्रतिसाद देई. त्या एका हातासाठी आम्ही उन्हात तासभर उभे राहिलेले आहोत. कॅनव्हासचा, डिझेलचा आणि तापलेल्या टायरचा तो मिश्र वास आजही कुठे आला तरी मान आपोआप वळते. त्यामुळे एखाद्या तरुणाला आपली जुनी गाडी तशी दिसावी असे वाटले, तर त्यामागची ओढ मला पूर्णपणे कळते. ती ओढ उथळ असते असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

पण मला त्या गाड्यांच्या आतली बाजूही थोडी ठाऊक होती, ती मोठ्या मामांमुळे. मामा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. जबलपूरच्या कारखान्यात जर्मन मान कंपनीच्या परवान्याने बनलेले शक्तिमान ट्रक त्यांनी डोंगरात चालवले होते. ते लढायांच्या गोष्टी फारशा सांगत नसत, गाड्यांच्या मात्र भरपूर सांगत. ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा पांढरा का रंगवतात, हे त्यांनीच मला सांगितले. रात्री पुढचे दिवे बंद ठेवून ताफा चालतो, तेव्हा त्या गोळ्यावर ट्रकच्या पोटाखालून एक लहानसा दिवा पडतो. वरून, म्हणजे विमानातून, तो दिसत नाही. मागच्या चालकाला मात्र पुढे एक फिकट पांढरे वर्तुळ दिसत राहते. ते वर्तुळ फार मोठे झाले तर आपण पुढच्या ट्रकच्या फार जवळ आलो, लहान झाले तर मागे पडलो. एका बाजूला दरी असताना मामा रात्र रात्र त्या वर्तुळाकडे बघत चालले होते. चाकावरच्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेला असतो, तोही तसाच कामाचा. गाडीवर आज जो चालक आहे तो उद्या नसेल, नव्या माणसाला अंधारात कोणाला विचारत बसायला लागू नये म्हणून तो लिहायचा. मामा सांगत, "गाडीवर जे लिहिलंय त्याचं कोणालातरी उत्तर द्यावं लागतं."

सगळे त्या वाक्यात आहे, असे मला आता वाटते.

रंगाची चकाकी घालवतात ती ऊन पत्र्यावर चमकून लांबून दिसू नये म्हणून. काच झाकतात तीही त्यासाठीच. भारतीय लष्कराच्या पाटीवर आधी वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन अंक, मग गाडीचा वर्ग सांगणारे अक्षर आणि मग क्रमांक असतो. त्या गाड्या आरटीओच्या वहीत नसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याचे अधिकारी त्यांची वेगळी नोंद ठेवतात. म्हणजे तो बाण पाहिल्यावर नाक्यावरचा पोलीस, रेल्वे फाटकावरचा माणूस, छावणीच्या दारावरचा पहारेकरी, या सगळ्यांना एक गोष्ट कळते की या गाडीचा जबाब मागणारे कोणीतरी दुसरीकडे बसलेले आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गाडीवर ताऱ्यांची पाटी असते, तीही अधिकारी गाडीत नसेल तेव्हा झाकून ठेवतात. खुणेचा इतका मान राखला जातो की ज्याची ती खूण आहे तो माणूस उतरला की खूणही थांबते. आमच्या जीपवर बाण काढला असता तर तो कधीच झाकला गेला नसता आणि त्याच्या मागे उत्तर द्यायला कोणी नसते. भाच्याने निवडलेला बोनेटवरचा मोठा पांढरा तारा तर आपल्या लष्कराचाही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि दोस्त सैन्याच्या गाड्यांवर, आपल्याच विमानांनी आपल्यावर बाँब टाकू नयेत म्हणून तो ओळखीसाठी काढत. हे सांगितल्यावर भाच्याने तारा स्वतःहून सोडला. त्याला आपल्या सैन्याची गाडी हवी होती, चित्रातली नव्हे.

जीपची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण ती मुळात युद्धासाठीच जन्मली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने वाहन कंपन्यांकडे हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी मागितली आणि नमुना बनवून द्यायला फक्त ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो नमुना वेळेत उभा केला. पुढे विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. सपाट बोनेट नकाशा पसरायला, सपाट मडगार्ड माणूस बसायला. त्या गाडीच्या अंगावर कुठेही शोभेची रेघ नव्हती. आणि मग युद्ध संपत आले तेव्हा विलिजने तिला नागरी रूप दिले. मला या कहाणीतला हाच भाग सगळ्यांत प्रिय आहे. १९४५ च्या त्या पहिल्या नागरी जीपला मागे फाळका आला. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नव्हता, तिथे स्टेपनी आणि डबा टांगलेला असे. फाळका करायचा म्हणून स्टेपनी बाजूला सरकवली. दिवे मोठे केले, कारण आता लपायचे नव्हते, रस्ता नीट दिसायला हवा होता. पेट्रोल भरण्याचे तोंड चालकाच्या सीटखालून बाहेर काढले. १९५३ मध्ये उंच इंजिन बसवायचे म्हणून बोनेट उंच झाले, आणि त्याच उंच बोनेटची जीप पुढे महिंद्राने आपल्याकडे कित्येक दशके बनवली. आमच्या जीपचा चेहरा त्या घराण्यातला. युद्धाची सवय उतरवून शेतीची सवय अंगी बाणवायला या गाडीला जी वर्षे लागली, त्यांची निशाणी तिचा फाळका आहे. अण्णा तो साखळ्यांवर आडवा सोडून त्यावर गोण्या चढवत, आणि बाजारातून परतताना आम्ही मुले त्यावर पाय लोंबकळत सोडून बसत असू. भाच्याच्या पहिल्या आराखड्यात तो फाळका वेल्डिंगने कायमचा बंद करून त्यावर स्टेपनी आणि दोन डबे बसवायचे होते.

त्याला मी तेव्हा लगेच विरोध केला नाही, कारण मला त्याच्या मागची दुसरी गोष्टही माहीत होती. भाचा दोन वर्षे पहाटे उठून गावच्या रस्त्यावर धावला आहे. थंडीत तोंडातून वाफ निघताना, हातात घड्याळ धरून, सोळाशे मीटरचे अंतर तो मोजून पार करत असे, आणि त्याची आई अंगणात चूल पेटवून पाणी तापवत त्याची वाट बघत बसे. धावण्यात तो निवडला गेला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या कानाचा काहीतरी दोष निघाला आणि तो परत आला. त्या दिवसापासून तो कोणाशी भरतीबद्दल बोललेला नाही. घरातल्यांनीही विषय टाळला, आणि टाळलेल्या विषयाचे वजन किती असते ते आमच्या घराला आता चांगले कळते. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "आत्या, आजोबांची जीप सडत पडली आहे, मी ती मिलिटरी लूकची करतो." त्याच्या तोंडून तो शब्द कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा निघत होता. गॅरेजमध्ये मी बाणाला "नको" म्हटले तेव्हा त्याने मोबाइल खिशात घातला, त्यात मला हे सगळे दिसले आणि म्हणूनच ते "नको" मला टोचत राहिले. त्या मुलाला हवा असलेला हिरवा आणि रस्त्यात भाव खाण्यासाठी फासलेला हिरवा एक नव्हे, हे मी छातीठोकपणे सांगेन.

तरीही रंगाच्या बाबतीत आम्हाला मोकळीक नव्हती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण दलांच्या वाहनांखेरीज कोणतेही मोटार वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगात रंगवता येणार नाही. लष्कराच्या लिलावात विकत घेतलेल्या जुन्या गाड्यासुद्धा नव्या मालकाला म्हणूनच दुसऱ्या रंगाच्या कराव्या लागतात. रॉयल एनफील्डने २०१८ मध्ये महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांच्या हलक्या मोटारसायकलच्या स्मरणार्थ पेगासस नावाची क्लासिक ५०० आणली. जगभरासाठी एक हजार, त्यातल्या २५० भारतासाठी. तीही आपल्याकडे फक्त तपकिरी रंगात मिळाली, कारण हिरवी इथे रस्त्यावर आणताच आली नसती. हा नियम कित्येकांना निरर्थक वाटतो. मला तो तसा वाटत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पेहरावात आले होते. अशा वेळी रंग आणि कपडा यांवर भरवसा ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचा जीव त्या भरवशावर टांगलेला असतो. आपल्या गावच्या रस्त्यावर, कांद्याच्या गोण्यांमध्ये, कोणाच्या जिवाचा प्रश्न येत नाही हे खरे. पण एखादी खूण सगळीकडे दिसू लागली की ती जिथे खरी हवी तिथेही फिकी पडते. शिवाय रंग बदलायचा तर आरसीमध्ये नोंद करून घ्यावी लागते आणि आमच्या जीपला दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला उभे राहावे लागते, ते वेगळेच. आता जुन्या गाड्यांनाही नव्या पद्धतीची, कारखान्यात ठसे मारलेली नंबर पाटी सक्तीची झाल्यामुळे बाणासाठी जागाच राहिलेली नाही.

नियम सांगून कोणाचे मन वळत नाही, म्हणून मी भाच्याला घेऊन नगरला गेले. तिथल्या रणगाडा संग्रहालयात उघड्या आकाशाखाली मटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, विजयंता, ६५ च्या लढाईत हाती लागलेला पॅटन असे कितीतरी रणगाडे झाडांच्या सावलीत उभे आहेत. दुपारी पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता, तरी भाचा एका रणगाड्याच्या जोडावरच्या जाड वेल्डिंगवरून बोट फिरवत बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्याकडून काहीतरी ऐकायची वाट पाहत होते. तो एवढेच म्हणाला, "याच्यावर उगाच लावलेलं काहीच नाही गं." परतीच्या वाटेवर, शिर्डीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा, त्याने वहीच्या पानावर नवा आराखडा काढला आणि प्रत्येक वस्तूसमोर ती जीपला कशासाठी लागेल ते लिहिले. ज्या वस्तूसमोर लिहिण्यासारखे सुचले नाही ती त्याने खोडली. मला त्या मुलाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि तो मी त्याला बोलून दाखवला.

खोडण्यातून जे उरले ते बघण्यासारखे होते. बंपरवरचे आकडे गेले, दिव्यावरची झापड गेली, खोट्या बंदुकीचा स्टँड तर आधीच गेला होता. फावडे आणि कुऱ्हाड डाव्या बाजूला पट्ट्याने बांधायची जागा राहिली, कारण पावसात मळ्याच्या वाटेवर चाक रुतले की फावडे लागतेच. पुढे-मागे दोरखंड अडकवायचे भक्कम हुक राहिले. एक डबा राहिला. तो जेरीकॅन ज्याने रचला त्याचे मला नेहमी कौतुक वाटते: वीस लिटरचा, वर तीन मुठी, भरलेला असेल तर दोघांनी बाहेरच्या दोन मुठींनी उचलायचा, रिकामे असतील तर एकाने एका हातात दोन धरायचे. आमची जीप कसाऱ्याच्या चढाला तापते, तेव्हा त्यात रेडिएटरसाठी पाणी राहील. हूड नव्या जाड कॅनव्हासचे शिवायला टाकले आहे, आणि त्याचा शिवणारा माणूस टाके घालताना कापडाला मेण चोळतो, म्हणजे टाक्यांतून पाणी झिरपत नाही. चाकावरच्या पत्र्यावर हवेचा दाब लिहायचा भाच्याचा हट्ट मी आनंदाने मान्य केला. जीप घरातले तिघे-चौघे चालवतात आणि पुढची हवा किती, मागची किती, यावर दरवेळी वाद होतो.

रंगाचा निर्णय सर्वांत कठीण गेला. चकाकी नसलेल्या रंगाला भाचा चिकटून होता. पेंटरने प्रामाणिकपणे सांगितले की तो रंग पॉलिश करता येत नाही, तेलकट हाताचा डाग धरतो, ओरखडा पडला की तेवढाच भाग परत मारला तर वेगळा दिसतो. कामाच्या गाडीला ते कसे परवडणार, हा माझा मुद्दा होता. त्याचे म्हणणे असे की कामाच्या गाडीला चमक कशाला हवी. दोघांचेही खरे होते. शेवटी वाळूच्या रंगाकडे झुकलेला, आमच्या उन्हाळ्यातल्या माळासारखा फिका तपकिरी रंग ठरला, चकाकी अर्धी ठेवून. पेंटरने फळीवर नमुना मारून उन्हात धरला तेव्हा तो तळाच्या बदामी रंगाच्या फार जवळ गेलेला दिसला, त्याचे भाच्याला थोडे वाईट वाटले. त्याच्या डोळ्यांतला हिरवा मी त्याला देऊ शकले नाही, ही बोच मला आहेच आणि ती जाईल असे वाटत नाही. मामा असते तर त्यांनी त्याला काय सांगितले असते, याचा मी खूप विचार केला. बहुधा त्यांनी काहीच सांगितले नसते; बोनेट उघडून त्याला पाण्याची पातळी बघायला लावली असती.

फाळक्यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. स्टेपनी मागे असली की गाडी देखणी दिसते, हे भाच्याचे म्हणणे मला डोळ्यांनी पटते. पण मग फाळका आडवा सोडता येणार नाही आणि गोण्या बाजूने चढवाव्या लागतील. मी वेल्डरकडून स्टेपनीसाठी कडेला बिजागरीवर फिरणारा आकडा बनवून घ्यावा असे सुचवले आहे. त्याला खर्च आहे आणि पत्र्याला आतून पट्टी मारावी लागेल. वेल्डर म्हणतो, होईल. भाचा म्हणतो, बघू. मी म्हटले आहे की पट्टीचा खर्च माझा, फक्त साखळ्या जुन्याच ठेवायच्या आणि नवा कांदा निघायच्या आत फाळका उघडता झाला पाहिजे.